घरून रिसेप्शन सांभाळणारा हात : गोळीच्या आधी बटणं तपासा



दवाखान्यात फोन लावला की पलीकडून "बोला" असा आवाज येतो. तुम्ही नाव सांगता, नंबर लावता आणि फोन ठेवता. त्या आवाजाला एक हातही असतो आणि तो हात दुखू शकतो, हे आपल्या मनात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. मी फॅमिली डॉक्टर आहे, हात-मनगट दुखण्याच्या तक्रारी माझ्यासाठी रोजच्याच. तरीसुद्धा माझ्याच रिसेप्शनिस्टचं मनगट माझ्या नजरेतून सुटलं. आजचा लेख त्याबद्दल आहे, आणि त्यातून माझं जे मत बनलं त्याबद्दल आहे.

माझे दोन दवाखाने आहेत. सकाळी सांगलीत, संध्याकाळी मिरजेत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या रिसेप्शनच्या ताई घरून फोन घेऊ लागल्या. लॉकडाऊन संपलं, पण त्यांच्या सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या होत्या. "सर, घरूनच काम केलं तर चालेल का?" असं त्यांनी विचारलं. मी लगेच हो म्हटलं. दोन्ही दवाखान्यांचे फोन एका कॉम्प्युटरवर आले. मिरजेच्या दवाखान्याच्या दाराला कॅमेऱ्याची बेल आणि विजेचं कुलूप बसवलं. पेशंटने बेल दाबली की ताई घरी बसून चेहरा बघणार, दार उघडणार, टोकन देणार. सगळं छान चाललं होतं. माझ्या बाजूने.

वर्षभराने ताई स्वतःच पेशंट म्हणून समोर बसल्या. उजव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी दुखत होतं. पोळी लाटताना कळ येत होती, सासूबाईंची कूस बदलताना हात सुटत होता. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीच्या बाजूला वाकवायला सांगितलं तर डोळ्यांत पाणी आलं. निदान सोपं होतं. मी मलम दिलं, थोड्या दिवसांच्या गोळ्या दिल्या, मनगटाचा पट्टा दिला आणि "हाताला विश्रांती द्या" असं सांगितलं.

त्या बऱ्या झाल्या, परत आल्या. पुन्हा बऱ्या झाल्या, पुन्हा आल्या. तिसऱ्या वेळी त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, पट्टा घातला की माउस धरता येत नाही आणि पट्टा काढला की दुखतं. मी नेमकं काय करू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. विश्रांती घ्या असं सांगणारा डॉक्टर मी होतो आणि ती न देणारा मालकही मीच होतो.

मनगटात नेमकं काय होतं?

आधी थोडं शरीरशास्त्र समजून घेऊया.

बोटं हलवणारे बरेचसे मोठे स्नायू बोटांत नसतात, ते कोपराच्या खालच्या भागात असतात. तिथून कंडरा, म्हणजे दोरीसारखे बंध, मनगटावरून बोटांपर्यंत जातात. विहिरीच्या रहाटावरून दोर जातो तसं हे आहे. या दोरांना जागेवर धरून ठेवायला मनगटापाशी अरुंद बोगदे असतात. अंगठ्याच्या बाजूला अशाच एका बोगद्यातून अंगठा बाहेर खेचणारे दोन दोर जातात. अंगठा सारखा ताणला आणि मनगट सारखं आडवं वाकवलं की हे दोर बोगद्याला घासतात, आवरण जाड होतं आणि दुखू लागतं. या आजाराचं वर्णन १८९५ मध्ये फ्रिट्झ द कर्वेन या स्विस सर्जनने केलं, म्हणून त्याला त्यांचंच नाव आहे. लहान बाळाला सारखं उचलणाऱ्या नव्या आयांमध्ये तो बऱ्याचदा दिसतो.

दुसरा बोगदा तळहाताच्या बाजूला असतो, तो कार्पल टनेल. त्यातून नऊ कंडरा आणि एक महत्त्वाची नस जाते. मनगट सरळ असतं तेव्हा आतला दाब कमी असतो. ते वर किंवा खाली वाकवून ठेवलं की दाब वाढतो आणि नस दबते. मग अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटांना मुंग्या येतात, विशेषतः रात्री.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कार्पल टनेलच्या प्रत्येक पेशंटमध्ये दोष माउसचाच असतो असं नाही. मधुमेह, थायरॉईडचा त्रास, गरोदरपण, वाढलेलं वजन, संधिवात ही कारणंही असतात आणि ती तपासावीच लागतात. पण तासन्‌तास माउस धरून बसणाऱ्यांचा हात, खांदा आणि मान दुखते, हे आम्ही डॉक्टर रोज बघतो.

आणि हे आजचं नाही. इटलीतल्या बर्नार्डिनो रामाझ्झिनी या डॉक्टरने १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. त्याच्या १७१३ च्या वाढीव आवृत्तीत दिवसभर लिहिणाऱ्या कारकुनांच्या दुखण्याची त्याने तीन कारणं सांगितली आहेत : सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. तीनशेहून अधिक वर्षांत लेखणी जाऊन माउस आला, पण कारणं तीच राहिली.

दवाखान्यात बसलं की दुखत नव्हतं, घरी का दुखलं?

मला हाच प्रश्न पडला. काम तेच, माणूस तोच. मग मी एक दिवस ताईंच्या घरी जाऊन शेजारी बसलो आणि नुसतं बघितलं. डॉक्टर म्हणून इतक्या वर्षांत मी हे कधीच केलं नव्हतं.

दवाखान्यात असताना त्या फोन डाव्या हाताने उचलायच्या, उजव्या हाताने वहीत लिहायच्या, केसपेपर काढायला कपाटापर्यंत जायच्या, दार उघडायला उठायच्या, मला चिठ्ठी आणून द्यायच्या. प्रत्येक कामाला वेगळा हात, वेगळी हालचाल होती. घरी ही सगळी कामं एकाच जागी गोळा झाली होती : उजव्या हाताखालचा माउस आणि त्यावरचं एक बोट. फोन उचलायला क्लिक, होल्डला क्लिक, मला जोडायला दोन क्लिक, दाराची खिडकी समोर आणायला क्लिक, दार उघडायला क्लिक, टोकन पुढे सरकवायला क्लिक. स्क्रीनवरची बटणं बारीक आणि एकमेकांपासून लांब होती. लक्ष्य जितकं लहान आणि जितकं दूर तितका ते गाठायला वेळ जास्त, हा नियम पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडून ठेवला आहे. नेम धरायचा म्हणून त्या माउस अंगठ्याने घट्ट चिमटून धरत होत्या. बांगड्या टेबलाच्या कडेला टेकू नयेत म्हणून मनगट वर उचललेलं होतं. आणि माउस त्यांच्या हाताला मोठा होता, कारण तो मी माझ्या हाताने निवडून आणला होता.

सांगायचा मुद्दा असा की ताईंचं काम कमी झालं नव्हतं, ते एका अंगठ्यावर येऊन पडलं होतं.

मग एक खोकं बनवलं

माझा भाचा इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला आहे. त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मामा, सहा बटणांचं एक खोकं करू. डाव्या हाताखाली राहील, उजव्याचा भार कमी होईल." उचला, होल्ड, जोडा, तोडा, दार, टोकन. आवाज कमी-जास्त करायला एक गोल खटका. कल्पना चांगली होती. आठवड्याभरात काळं, चकचकीत, चार इंच उंच खोकं तयार झालं. मी दाबून बघितलं, मला आवडलं. भाच्याने दाबून बघितलं, त्यालाही आवडलं. ताईंकडे पोचवलं. चार दिवसांनी फोनवर विचारलं, "कसं वाटतंय?" त्या म्हणाल्या, "छान आहे सर."

पंधरा दिवसांनी सासूबाईंना बघायला गेलो. खोकं टेबलाच्या कोपऱ्यात होतं आणि त्यावर पेनांचा डबा ठेवलेला होता.

पगार देणारा माणूस "कसं वाटतंय" असं विचारतो तेव्हा "छान आहे" याशिवाय दुसरं उत्तर येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मग आमच्या ओळखीच्या फिजिओथेरपिस्ट बाईंना मी विनंती केली की तुम्ही विचारा, मी नसताना विचारा. तेव्हा खरं बाहेर आलं. खोकं इतकं उंच होतं की मनगट मागे वाकत होतं. बटणं कडक होती. साध्या कीबोर्डचं बटण दाबायला साधारण पन्नास-साठ ग्रॅमचा जोर पुरतो, आमच्या बटणांना त्याहून कितीतरी जास्त लागत होता. दाबताना खट्ट असा आवाज व्हायचा आणि तो हेडफोनच्या माइकमधून पेशंटला ऐकू जायचा. "काय तोडताय का ताई?" असं एका आजींनी विचारलं होतं म्हणे.

दुसरं खोकं बसकं केलं, बटणं मऊ आणि बिनआवाजाची घेतली. भाच्याने मध्ये पायाने दाबायचं पेडलही करून बघितलं, शिलाई मशीनला असतं तसं. ते पहिल्याच दिवशी बाद झालं, कारण ताई खुर्चीवर एक पाय दुमडून बसतात. कागदावर कल्पना कितीही चांगली असली तरी माणूस कसा बसतो हे बघितल्याशिवाय कळत नाही.

दुसरं खोकं ताई खरोखर वापरू लागल्या. दुखणं कमी होऊ लागलं. आम्ही खूश झालो आणि तिथेच खरी चूक झाली.

एका संध्याकाळी साडेआठच्या सुमाराला, कामाच्या शेवटच्या तासात, एका आजोबांचा फोन आला. छातीत जड वाटतंय आणि घाम येतोय असं ते सांगत होते. ताईंनी मला जोडण्यासाठी बटण दाबलं. दाबलं गेलं ते शेजारचं. "जोडा" आणि "तोडा" ही बटणं शेजारी होती, दोन्ही गोल, दोन्ही सारखीच. फोन कट झाला. ताईंना वाटलं जोडला गेला, मी दुसऱ्या पेशंटमध्ये होतो. सुदैवाने आजोबांच्या सूनबाईंनी पुन्हा फोन लावला आणि ते वेळेत हॉस्पिटलला पोचले. पण मला रात्री झोप लागली नाही. ताईंना तर त्याहून लागली नाही. त्या सकाळी म्हणाल्या, "माझी चूक झाली सर."

त्यांची चूक नव्हती. हे मला या लेखात सगळ्यात ठळकपणे सांगायचं आहे.

ही चूक जुनी आहे

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ ही बाँबर विमानं उतरल्यानंतर धावपट्टीवरच पोटावर आपटायची. पायलट पंखांचे फ्लॅप आत घ्यायच्या ऐवजी चाकंच आत घ्यायचे. सगळे म्हणत, पायलटची चूक. १९४३ मध्ये अल्फोन्स चपानिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट नीट बघितलं. दोन्हींचे खटके शेजारीशेजारी आणि हुबेहूब सारखे होते. लांबच्या उड्डाणानंतर थकलेला हात चुकीच्या खटक्यावर जाणारच. त्याने चाकांच्या खटक्याला रबराचं छोटं चाक लावायला सांगितलं आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा आकार. हाताला न बघता फरक कळू लागला आणि हे अपघात थांबले. आजही विमानात चाकांच्या खटक्याची मूठ चाकासारखीच असते.

दुसरं उदाहरण तुमच्या रोजच्या वापरातलं आहे. टेलिफोनवर १-२-३ वरच्या ओळीत असतात आणि कॅल्क्युलेटरवर ७-८-९ वर असतात, हे तुमच्या लक्षात आलं असेल. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९५० च्या दशकाच्या शेवटी तबकडीच्या जागी बटणं आणायचं ठरलं, तेव्हा तिथल्या संशोधकांनी आकड्यांच्या अनेक मांडण्या खऱ्या माणसांकडून दाबून घेतल्या. बटण किती मोठं असावं, किती जोराने दाबावं लागावं, किती खोल जावं, हेसुद्धा तपासलं. निष्कर्ष १९६० मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९६३ मध्ये बटणांचा फोन लोकांच्या हातात आला. दहा आकड्यांच्या बटणांसाठी एवढी मेहनत! आणि आपण दिवसभर फोन घेणाऱ्या माणसाच्या हातात बाजारातून आणलेला कुठलाही माउस देतो.

जुन्या बटणांच्या फोनवर पाचच्या बटणावर एक बारीक उंचवटा असायचा, कीबोर्डच्या एफ आणि जे या बटणांवर आजही असतो. बोटाला घर सापडावं म्हणून तो असतो. ताईंनी यातलं काही वाचलेलं नव्हतं, पण आजोबांच्या त्या प्रसंगानंतर त्यांनी स्वतःच "होल्ड"च्या बटणावर एक टिकली चिकटवली. आम्हा दोन शिकलेल्या माणसांच्या सगळ्या डोकेफोडीपेक्षा ही टिकली मला जास्त हुशारीची वाटली. तिसऱ्या खोक्यात भाच्याने तोच धागा पकडला. "तोडा" लांबच्या कोपऱ्यात नेलं आणि त्याभोवती कडं केलं, म्हणजे बोट मुद्दाम आत घातल्याशिवाय ते दाबलं जात नाही. "दार" चौकोनी केलं आणि ते सेकंदभर दाबून धरावं लागतं, म्हणजे ओझरत्या स्पर्शाने दार उघडत नाही. "जोडा" मोठं आणि मधोमध आलं.

माझं मत : थकलेल्या हाताने पास केलं तरच पास

घरून किंवा लांबून रिसेप्शन सांभाळणाऱ्यांसाठी असं साधन कोणीही बनवावं, विकत आणावं, पण त्याची परीक्षा सकाळी दहा वाजता, ताज्या हाताने, साहेबांसमोर घेऊ नये. ती कामाच्या शेवटच्या तासात, थकलेल्या हाताने, साहेब नसताना घ्यावी. पाच मिनिटं दाबून कुठलंही बटण चांगलंच वाटतं. खरी गोष्ट शंभराव्या फोनला कळते.

आमच्या चुकांमधून मी जे शिकलो, ते क्रमाने सांगतो. तुमच्या ऑफिसात, हॉस्पिटलात, सोसायटीच्या गेटवर असं काम कोणी करत असेल तर उपयोग होईल.

१. आधी मोजा. एक दिवस शेजारी बसून कागदावर रेघा मारा : कोणती हालचाल किती वेळा होते, कोणत्या हाताने, कोणत्या बोटाने. सगळ्यात जास्त वेळा होणारी दोन-तीन कामं आणि सगळ्यात धोक्याची एक-दोन कामं वेगळी काढा. बटणं तेवढ्यांनाच हवीत. वीस बटणांचं खोकं म्हणजे पुन्हा शोधाशोध.

२. पहिलं खोकं पुठ्ठ्याचं करा. बटणांच्या जागी बाटल्यांची झाकणं चिकटवा. उंची, जागा, अंतर हे सगळं पुठ्ठ्यावर कळतं आणि चूक झाली तर खर्च शून्य. आम्ही हे केलं असतं तर पहिलं खोकं वाया गेलं नसतं.

३. हाताचं माप वापरणाऱ्याचं घ्या. आपल्याकडे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने भारतीय माणसांच्या शरीराच्या मापांचं पुस्तक १९९७ मध्ये काढलं आहे, म्हणजे मापं नाहीत असं कोणी म्हणू नये. आणि एकाच व्यक्तीसाठी करायचं तर पुस्तकाचीही गरज नाही, तिचा हात कागदावर ठेवून पेन्सिलने बाह्यरेषा काढा.

४. मनगट सरळ राहतं का ते बाजूने बघा. कोपर टेबलाच्या उंचीला, हात आडवा, मनगट ना वर ना खाली. खोकं बसकं हवं आणि हात न ताणता पोचेल इतकं जवळ हवं. बांगड्या, घड्याळ, पदर, बसण्याची सवय, हे सगळं धरून बघा.

५. डोळे मिटून दाबायला सांगा. "होल्ड दाबा, आता दार दाबा." डोळे मिटून चुकत असेल तर बटणांचे आकार आणि जागा बदला. नजर स्क्रीनवरच्या माणसाकडे राहायला हवी, ती बटणं शोधण्यात जाऊ नये.

६. किमान दोन आठवडे वापरू द्या. नवीन वस्तू पहिल्या दिवशी एक तर खूप आवडते किंवा अजिबात आवडत नाही, दोन्ही खरं नसतं. रोज काम सुरू करताना आणि संपताना दुखण्याला ० ते १० पैकी एक आकडा द्यायचा : ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे असह्य. बोटं, मनगट, खांदा आणि मान, चौघांचे वेगळे आकडे. मनगट बरं झालं आणि खांदा धरला तर आपण दुखणं फक्त हलवलं, घालवलं नाही.

७. वेगाबरोबर चुका मोजा. किती फोन चुकून कट झाले, किती चुकीच्या ठिकाणी गेले, आणि त्या चुका दिवसाच्या कोणत्या वेळी झाल्या. चुका शेवटच्या तासात वाढत असतील तर दोष माणसात शोधू नका.

८. विचारणारा माणूस मालक नसावा. आणि वापरणाऱ्याला "नको" म्हणण्याचा हक्क हवा. हा हक्क नसेल तर वरची सातही कलमं व्यर्थ आहेत.

लोक काय म्हणतात

हे सगळं सांगितलं की काही प्रश्न हमखास येतात.

"एवढ्याशा कामासाठी एवढा खटाटोप?" काम एवढंसं दिसतं कारण ते आपण करत नाही. आणि आजोबांचा तो फोन एवढासा नव्हता.

"कीबोर्डचे शॉर्टकट फुकट असतात, ते का नाही?" अगदी बरोबर. आधी तेच करून बघा. बऱ्याच जणांचं काम तेवढ्यावर भागतं. पण तीन बोटं ताणून तीन बटणं एकदम दाबायला लावणारे शॉर्टकट दुखणं वाढवतात. आणि बोलता बोलता, लिहिता लिहिता कीबोर्डवर हात चुकतो. तसं होत असेल तर वेगळं खोकं कामाला येतं.

"आता फोन मशीनच घेईल, मग कशाला?" घेईल कदाचित. पण "छातीत जरा जड वाटतंय" यातल्या "जरा" शब्दामागची भीती ओळखायला पलीकडे माणूस लागतो, असं मला आजही वाटतं. तोपर्यंत त्या माणसाचा हात शाबूत राहिला पाहिजे.

"खोकं आणलं की दुखणं गेलं, असं समजायचं का?" नाही. कृपा करून असं समजू नका. खोकं हे औषध नाही. ते फक्त भार दोन हातांत वाटून देतं. सलग आठ तास न उठता बसलं तर जगातलं कोणतंही साधन वाचवू शकत नाही. आमच्याकडे खरा फरक पडला तो खोक्याबरोबर आणखी दोन गोष्टी केल्या तेव्हा. दुपारी दोन ते चार फोन बंद ठेवले आणि दर तासाला पाच मिनिटं उठायची मुभा दिली, तेवढ्या वेळात फोन दवाखान्यातल्या सिस्टर घेतात. हे दोन्ही उपाय फुकट होते आणि मी ते पहिल्या दिवशीच करायला हवे होते.

तुम्ही काय करू शकता?

तुम्ही स्वतः असं काम करत असाल तर आजच एवढं करा. माउस शरीराजवळ घ्या, मनगट टेबलाच्या कडेवर टेकवून वाकवू नका. माउस हाताच्या मापाचा आहे का बघा. अंगठ्याने चिमटून न धरता हात त्यावर सैल ठेवा. शक्य असेल तर थोडी कामं डाव्या हाताला द्या. फोन कान आणि खांद्यात धरू नका, हेडफोन वापरा.

आणि ही लक्षणं असतील तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवा : रात्री मुंग्यांनी जाग येणं आणि हात झटकावा लागणं, हातातून कप किंवा डबा सुटणं, अंगठ्याच्या मुळाचा मांसल भाग बारीक झालेला दिसणं, दोन आठवडे विश्रांती घेऊनही न थांबणारं दुखणं, किंवा सूज आणि लाली. नस दीर्घकाळ दबून राहिली तर बळ कायमचं कमी होऊ शकतं. डॉक्टरांकडे जाल तेव्हा फक्त "हात दुखतो" असं सांगू नका. तुम्ही काम कसं करता ते हात ठेवून दाखवा. जमल्यास घरच्यांकडून काम करतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून न्या. मला ताईंच्या घरी जाऊन जे दिसलं, ते तुमच्या डॉक्टरांना त्यात दिसेल.

तुम्ही पेशंट असाल, म्हणजे फोन करणारे असाल, तर एकच विनंती. फोन चुकून कट झाला तर लगेच पुन्हा लावा आणि पहिल्याच वाक्यात तातडीचं आहे का ते सांगा. पलीकडच्या माणसावर ओरडू नका. आणि छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं असं काही असेल तर दवाखान्याच्या फोनची वाट न बघता थेट १०८ ला फोन लावा.

आणि तुम्ही मालक असाल, माझ्यासारखे, तर एक दिवस काम करणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसा. काही बोलू नका, नुसतं बघा. मला जे शिकायला वर्ष लागलं ते तुम्हाला दुपारपर्यंत कळेल.

ताई आता पट्टा वापरत नाहीत. पोळ्या लाटताना कधीतरी कळ येते, पण दुखण्याचा आकडा दोनच्या वर जात नाही असं त्या सांगतात. मी त्यांना नाही विचारलं, फिजिओथेरपिस्ट बाईंनी विचारलं, म्हणून माझा त्यावर विश्वास आहे. चौथं खोकं करायचं भाच्याच्या डोक्यात आहे. त्याने परवा ताईंना रंग कोणता हवा असं विचारलं. त्या म्हणाल्या, "रंग कुठलाही चालेल, पण टिकलीची जागा तेवढी ठेव."